वाचनालयासाठी मुक्त सॉफ्टवेअर शोधायचंय: कोणत्या डिरेक्टरीवर विसंबायचं?

ग्रंथसेविका
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. साधारण १४,००० पुस्तकं, त्यातली बहुतेक मराठी. दाखलनोंद रजिस्टर अर्धं एक्सेलमध्ये चढवलंय, अर्धं अजून कागदावरच. दोन संगणक आहेत, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि विंडोज १०. तीन कामांसाठी सॉफ्टवेअर हवंय: (१) सभासद, वर्गणी, देवघेव आणि पुस्तकांचा शोध, (२) जुने दिवाळी अंक स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता यावा अशी सोय, (३) पीडीएफ जोडणं, पानं वेगळी करणं.

खर्चाला पैसे नाहीत आणि चोरीचं सॉफ्टवेअर संस्थेत नको, असा कार्यकारिणीचा ठराव आहे. गूगलवर 'फ्री' टाकून शोधलं की डाउनलोडची भलतीच बटणं असलेली पानं येतात, नाहीतर १५ दिवसांनी पैसे मागणारं काहीतरी. मुक्त सॉफ्टवेअरच्या याद्या, डिरेक्टरी बऱ्याच दिसतात: एफएसएफची (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन), अल्टर्नेटिव्हटू, सोर्सफोर्ज, गिटहबवरच्या 'ऑसम' याद्या. यातली कोणती कशासाठी वापरायची? एखादी नोंद शिळी आहे की चुकीची, हे कसं ओळखायचं? आणि फाइल नेमकी कुठून उतरवायची?

---

टर्मिनलकर
ताई, नाव शोधणं, परवाना तपासणं आणि फाइल उतरवणं ही तीन कामं वेगळी ठेवा. बहुतेक डिरेक्टऱ्या फक्त पहिल्या कामाच्या आहेत. घोळ होतो तो तिन्ही कामं एकाच पानावर उरकायला गेल्यावर.

अल्टर्नेटिव्हटू नाव शोधायला सगळ्यात सोपं. ओळखीच्या पैशाच्या सॉफ्टवेअरचं नाव टाका, मग गाळणीत परवान्याखाली 'ओपन सोर्स' आणि प्लॅटफॉर्मखाली 'विंडोज' किंवा 'सेल्फ-होस्टेड' (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं) निवडा. गाळणी लावली नाहीत तर फुकट पण बंद कोड असलेली सॉफ्टवेअरं त्याच यादीत वर येतात. पीडीएफ२४ हे ठळक उदाहरण: पैसे लागत नाहीत, पण कोड बंद आहे. तिथल्या नोंदी वापरणारेच भरतात, त्यामुळे परवान्याचं लेबल म्हणजे तपासलेली गोष्ट नव्हे. किती जणांना आवडलं या आकड्यावरून सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे एवढंच कळतं. 'डिसकंटिन्यूड' असा शिक्का दिसला तर पुढे जा.

एफएसएफची फ्री सॉफ्टवेअर डिरेक्टरी दिसायला रुक्ष, पण परवान्याच्या बाबतीत सर्वात काटेकोर. प्रत्येक नोंदीत परवान्याचा चौकोन असतो: कोणता परवाना, कोणी पडताळला, कोणत्या तारखेला. ती तारीख जरूर बघा. बऱ्याच नोंदींची पडताळणी फार जुनी आहे. तेव्हाच्या आवृत्तीचा परवाना बरोबर नोंदलेला असतो, पण सॉफ्टवेअर त्यानंतर बदललेलं असू शकतं.

परवाने खरोखर बदलतात. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एसएसपीएल हा परवाना आणला, सर्व्हर मांडणारं टेराफॉर्म २०२३ मध्ये बीएसएल या परवान्यावर गेलं. हे दोन्ही परवाने ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेले नाहीत, पण जुन्या याद्यांत ही नावं अजून 'ओपन सोर्स' म्हणून सापडतात. उलटही होतं: रेडिस हा डेटाबेस २०२४ मध्ये मुक्त परवान्यातून बाहेर पडला आणि २०२५ मध्ये एजीपीएल हा मुक्त परवाना घेऊन परत आला. म्हणून शेवटचा शब्द प्रकल्पाच्या कोडसोबत असलेल्या 'लायसन्स' फाइलचा.

'ऑसम-सेल्फहोस्टेड' ही यादी तुमच्या पहिल्या कामाला नेमकी आहे. तिच्यात ग्रंथालय व्यवस्थापनाचा वेगळा विभाग आहे. प्रत्येक ओळीत परवाना आणि कोणत्या भाषेत लिहिलंय हे दिलेलं असतं, आणि मुक्त नसलेली सॉफ्टवेअरं वेगळ्या पानावर काढलेली आहेत. एखादं सॉफ्टवेअर बाहेरच्या बंद सेवेवर अवलंबून असेल तर तिथे इशाऱ्याचं चिन्ह असतं. विभागात नावं मोजकीच आहेत, पण आहेत ती कामाची.

गिटहबवर थेट 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' असं मात्र शोधू नका. हजारो निकाल येतील आणि त्यातले बहुतेक कॉलेजचे प्रकल्प असतील. ते ओळखायच्या खुणा: सगळा कोड एकदोन दिवसांत चढवलेला, 'रिलीजेस'खाली काहीच नाही, 'इश्यूज'मध्ये कोणी उत्तर दिलेलं नाही, लायसन्स फाइल नाही. परवानाच नसेल तर कोड उघड दिसत असूनही वापरण्याचा, बदलण्याचा हक्क मिळत नाही. सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

फ्रीकोड (आधीचं फ्रेशमीट) या नावाचे दुवे अजून कुठे कुठे सापडतात. तिथल्या नोंदी २०१४ च्या जूनपासून गोठलेल्या आहेत. इतिहासासाठी ठीक, निवडीसाठी नाही.

---

पेंग्विनप्रेमी
टर्मिनलकरांशी बराचसा सहमत, पण एका मुद्द्यावर नाही. सगळ्याच डिरेक्टऱ्या नावापुरत्या नसतात. काही ठिकाणी यादी ठेवणारेच कोड घेऊन स्वतः बांधणी करतात, म्हणजे कोडवरून बसवायची फाइल तयार करतात. तिथून उतरवणं हाच सर्वात सुरक्षित मार्ग.

डेबियन या लिनक्सचं भांडार हे त्यातलं जुनं उदाहरण. 'मेन' विभागात येण्यासाठी पॅकेजला डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोट्या पार कराव्या लागतात. 'कॉन्ट्रिब' म्हणजे स्वतः मुक्त, पण चालायला मुक्त नसलेलं काहीतरी लागतं. 'नॉन-फ्री' म्हणजे नावाप्रमाणेच. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा झाला. पॅकेजेसच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की विभाग, आवृत्ती, मूळ प्रकल्पाचा पत्ता आणि कॉपीराइट फाइल सगळं एका पानावर मिळतं. विंडोज वापरत असलात तरी परवाना तपासायला हे पान वापरा. कोणीतरी फाइलगणिक परवाना वाचून ती कॉपीराइट फाइल तयार केलेली असते.

मात्र एखादं नाव डेबियनमध्ये नाही म्हणून ते वाईट ठरत नाही. कोहासारखी (हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) मोठी सर्व्हर-सॉफ्टवेअरं स्वतःचं भांडार चालवतात.

सॉफ्टवेअर जिवंत आहे का, हे बघायला रिपॉलजी वापरा. नाव टाकलं की कोणत्या लिनक्समध्ये कोणती आवृत्ती आहे याचा तक्ता येतो. ताजी आवृत्ती हिरवी, मागे पडलेली लाल. सगळीकडे एकच आवृत्ती हिरवी आहे आणि तरी ती सात वर्षांपूर्वीची आहे, असं दिसलं तर प्रकल्प थांबलाय असं समजा.

सोर्सफोर्जबद्दल. २०१३ मध्ये तिथल्या काही विंडोज फाइलींना जाहिरातींची इतर सॉफ्टवेअरं चिकटवलेला इन्स्टॉलर जोडला जायला लागला. गिंप या चित्रं सुधारण्याच्या सॉफ्टवेअरने त्याच वर्षी तिथून मुक्काम हलवला. २०१५ मध्ये गिंपच्या सोडून दिलेल्या पानावरच तसा इन्स्टॉलर आल्यावर मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये मालक बदलले आणि ती पद्धत बंद झाली. आज तिथून उतरवायला हरकत नाही, पण एका अटीवर: प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा डाउनलोडचा दुवा सोर्सफोर्जकडे नेत असेल तरच. उलट्या दिशेने, म्हणजे सोर्सफोर्जवर शोधून पहिलंच पान उघडणं, हे टाळा. तिथे सोडून दिलेली जुनी पानं पुष्कळ आहेत.

गूगलच्या निकालांतल्या 'प्रायोजित' ओळीवर तर कधीच क्लिक करू नका. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशी जाहिरात चालली होती. पत्त्यातलं 'के' हे अक्षर हुबेहूब दिसणारं, पण खाली बारीक खूण असलेलं दुसरंच अक्षर होतं. डोळ्यांनी पकडणं जवळपास अशक्य. विकिपीडियावरच्या लेखातल्या चौकटीतला पत्ता आणि डेबियनच्या पानावरचा पत्ता जुळवून बघा; दोन्ही एकच असतील तर पुढे जा.

उतरवल्यावर फाइलची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा) तपासा. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर उजवी टिचकी, 'सीआरसी एसएचए' आणि मग 'एसएचए-२५६'. येणारी ६४ अक्षरं प्रकल्पाच्या पानावरच्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. फाइल अर्धवट उतरली किंवा मधल्या मिरर सर्व्हरवर बदलली गेली तर इथे कळतं. प्रकल्पाचं संकेतस्थळच कोणी फोडलं असेल तर मात्र तो ही बेरीजही बदलेल. त्यासाठी जीपीजी सही, म्हणजे विकसकाने स्वतःच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही, तपासावी लागते.

विंडोजच्या कमांड खिडकीत 'विंगेट शो' (विंगेट म्हणजे विंडोजचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की प्रकाशक, परवाना, फाइलचा मूळ पत्ता आणि एसएचए-२५६ एकत्र दिसतात. पण विंगेटमध्ये मुक्त आणि बंद दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअरं आहेत. फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप-दुकानावरही तसंच. तिथे परवान्याची ओळ वाचल्याशिवाय बसवू नका. 'व्हेरिफाइड'ची खूण फक्त एवढंच सांगते की पान मूळ विकसकाच्या ताब्यात आहे. सॉफ्टवेअर मुक्त आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

---

ग्रंथसेविका
खूप आभार दोघांचे. या पद्धतीने शोधून ग्रंथालयासाठी एवढी नावं निघाली: कोहा, एव्हरग्रीन, स्लिम्स, न्यूजेनलिब, ओपनबिब्लिओ. शिवाय ई-ग्रंथालय आणि मार्कएडिट ही नावं ग्रंथपालांच्या गटात सारखी ऐकू येतात. यातून निवडायचं कसं?

---

वर्गांक_८९१_४६
आधी दोन नावं बाजूला काढते. ई-ग्रंथालय एनआयसीचं (केंद्र सरकारचं राष्ट्रीय माहिती केंद्र) आहे, पण त्याचा कोड खुला नाही. मार्कएडिट हे ग्रंथनोंदी दुरुस्त करायचं साधन फुकट आहे, उत्तम आहे, ग्रंथपाल जगभर वापरतात, पण तेही मुक्त नाही. ते वापरू नका असं म्हणत नाही. तुमच्या ठरावात ते 'मुक्त' म्हणून लिहू नका एवढंच.

न्यूजेनलिब हैदराबादचं, २००८ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं. ओपनबिब्लिओ लहान आणि सोपं आहे. या दोन्हींच्या बाबतीत शेवटच्या आवृत्तीची तारीख बघूनच पुढे जा. ओपनबिब्लिओसारखं पीएचपी या भाषेत लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर आजच्या पीएचपीवर चालेलच असं नाही, आणि ते चालावं म्हणून जुनं पीएचपी ठेवलं तर त्यातल्या सुरक्षेच्या भोकांना कोणी ठिगळ लावत नाही. एव्हरग्रीन अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या शेकडो वाचनालयांच्या जाळ्यासाठी बांधलं गेलं. एका वाचनालयाला तो पसारा झेपणार नाही.

उरली दोन. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं आणि २००० पासून तिथे वापरात आलं. परवाना जीपीएल ३. दर मे आणि नोव्हेंबरला मोठी आवृत्ती येते आणि आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष-महिना असतो: २४.११ म्हणजे नोव्हेंबर २०२४. डिरेक्टरीतली नोंद शिळी आहे का, ते त्या आकड्यावरून लगेच कळतं. आणखी एक खूण: जुन्या नोंदींत संकेतस्थळ म्हणून नुसतं 'कोहा डॉट ओआरजी' दिलेलं असतं. तो पत्ता २०१० च्या सुमारास एका कंपनीच्या हाती गेला आणि समुदाय 'कोहा-कम्युनिटी डॉट ओआरजी' इथे आला. पॅकेजं याच दुसऱ्या ठिकाणाहून घ्यायची.

स्लिम्स इंडोनेशियाचं, तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या ग्रंथालयात जन्मलेलं. जीपीएल ३, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, त्यामुळे विंडोजवरही बसतं. कोहा विंडोजवर बसत नाही. डेबियन किंवा उबुंटू लागतं. ४ जीबीच्या यंत्रात व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात कोहा चालवायला जाऊ नका, दोन्ही रडतील. एका संगणकावर डेस्कटॉपशिवाय डेबियन घाला, त्यावर कोहा, आणि दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरमधून वापरा. १४,००० पुस्तकांना ४ जीबी पुरतात.

पण निवड करण्याआधी देवनागरीची चाचणी घ्या. कोणतीच डिरेक्टरी हे तुम्हाला सांगणार नाही. दहाबारा पुस्तकं हाताने भरा आणि हे शोधून बघा:

'दुसऱ्या' हा शब्द. काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, काही 'र्' नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच: एकसंध 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' वेगळे. दोन्ही प्रकारे लिहिलेली पुस्तकं एका शोधात येतात का ते बघा. येत नसतील तर कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, असा नियम पहिल्या दिवसापासून करा. १४,००० नोंदी नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

कोहात आणखी एक गोष्ट. त्याचं झेब्रा हे शोधयंत्र मूळ मांडणीत देवनागरी नीट हाताळत नाही. शब्द टाकला की निकाल रिकामा येतो, नाहीतर भलताच. झेब्राच्या 'डिफॉल्ट' या आयडीएक्स फाइलमध्ये 'कॅरमॅप'ने सुरू होणाऱ्या ओळींच्या जागी 'आयसीयूचेन'च्या ओळी घालायच्या आणि अनुक्रमणिका पहिल्यापासून पूर्ण बांधायची. फक्त फाइल बदलून थांबलात तर जुन्या नोंदी तशाच राहतात आणि बदलाचा काही उपयोग झाला नाही असं वाटतं.

बाहेरच्या ग्रंथालयांतून नोंदी ओढायची झेड३९.५० ही सोय कोहात आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकांच्या नोंदी मुबलक आहेत, पण बहुतांशी रोमन लिप्यंतरात, टिंबं-रेघांसकट. वाचक देवनागरीत शोधणार, तेव्हा शीर्षक आणि लेखक तुम्हालाच पुन्हा भरावे लागतील. वर्गांक आणि विषय मात्र तयार मिळतात. तेवढंही पुष्कळ काम वाचवतं.

एक्सेलचं रजिस्टर चढवण्याआधी एक खूण तपासा. मराठी मजकुराचा फाँट बदलून 'निर्मला यूआय' करा. मजकूर मराठीच राहिला तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला तर तो श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. आधी तो युनिकोडमध्ये आणा, मग आयात करा.

---

टर्मिनलकर
स्लिम्स विंडोजवर बसवायचं तर बहुतेक जण झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारा संच) वापरतात. झॅम्प चाचणीपुरतं बनवलेलं आहे: डेटाबेसच्या 'रूट' खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. तो आधी घाला, आणि राउटरवरून बाहेरच्या जगाला दरवाजा उघडू नका. डेटाबेस तयार करताना 'युटीएफ-८ एमबी-४' निवडा. तिथे 'लॅटिन-१' राहिलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

माझं मत कोहाच्या बाजूने आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तशा यंत्रावर सभासदांचे पत्ते-फोन ठेवण्यापेक्षा त्यावर डेबियन घातलेलं बरं.

---

वर्गांक_८९१_४६
लिनक्स सांभाळणारं माणूस आसपास असेल तर कोहा, हे मान्य. कोणीच नसेल तर बंद पडलेल्या कोहापेक्षा चालू स्लिम्स चांगलं. दोन्हींतून नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या ठरलेल्या स्वरूपात बाहेर काढता येतात, त्यामुळे पुढे बदलायचं ठरलं तर कष्ट वाया जात नाहीत. काहीही निवडलंत तरी पहिल्याच आठवड्यात निर्यात करून बघा, आणि ती फाइल दुसऱ्या ठिकाणी उघडते का तेही बघा.

शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर कोहाची मालिका आहे.

---

स्कॅनमित्र
दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचं सांगतो. नॅप्स-टू घ्या. जीपीएल, विंडोजवर चालतं, स्कॅनरशी थेट बोलतं आणि आत टेसरॅक्ट हे ओसीआरचं (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवण्याचं) इंजिन आहे. ओसीआरच्या भाषांत मराठी निवडा; ती फाइल वेगळी उतरवावी लागते. स्कॅन ३०० डीपीआयला करा. १५० ला मात्रा आणि अनुस्वार गळतात, ६०० ला फाइल चौपट होते आणि वाचनात फारसा फरक पडत नाही. दिवाळी अंकांत दोन-तीन स्तंभ असतात आणि मध्येच जाहिराती. तिथे ओळींची सरमिसळ होते. अशा पानांसाठी जीइमेजरीडर वापरा. त्यात हाताने चौकोन आखून स्तंभ एकेक करून वाचायला देता येतो. ओसीआर करताना इंग्रजीही सोबत निवडा, नाहीतर मधले इंग्रजी शब्द आणि आकडे देवनागरीत बसवण्याचा प्रयत्न होतो.

टेसरॅक्ट विंडोजवर वेगळं बसवायचं असेल तर हे लक्षात ठेवा. प्रकल्पाच्या पानावरून मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने बांधलेल्या फाइलीचा दुवा मिळतो. तो दुवा तिथूनच घ्या, शोधयंत्रातून नको.

पीडीएफसाठी 'पीडीएफ अरेंजर' किंवा 'पीडीएफसॅम बेसिक'. दुसऱ्याच्या नावात 'बेसिक' आहे याची खात्री करा. त्याच घरातलं 'एनहान्स्ड' पैशाचं आहे, आणि बेसिकच्या इन्स्टॉलरमध्ये त्याची चाचणी-प्रत बसवायची खूण केलेली दिसली तर ती काढून टाका.

---

ग्रंथसेविका
डेबियन-कोहा करायचं ठरवतोय. तालुक्याच्या कॉलेजातले एक सर मदतीला तयार आहेत. शेवटची शंका: स्वयंसेवक मोबाइलवर बारकोड वाचणारं ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारावरून घेऊ म्हणतात. काहींकडे तेच ॲप प्ले स्टोअरवरून आधीच आहे आणि आता अपडेट होत नाही.

---

पेंग्विनप्रेमी
एफ-ड्रॉइड बहुतेक ॲप कोडवरून स्वतः बांधतं आणि स्वतःच्या किल्लीने सही करतं. प्ले स्टोअरच्या प्रतीवर विकसकाची सही असते. सह्या वेगळ्या असल्या की अँड्रॉइड एकावर दुसरी प्रत बसू देत नाही. आधीची काढून टाका, मग एफ-ड्रॉइडची घाला; काढण्यापूर्वी ॲपमधला साठवलेला इतिहास निर्यात करा, तो पुसला जातो. ज्या ॲपची एफ-ड्रॉइडवरची बांधणी विकसकाच्या बांधणीशी तंतोतंत जुळते, ती विकसकाच्या सहीसह मिळतात.

ॲपच्या पानावर 'अँटी-फीचर्स' हा भाग वाचा. जाहिराती, पाळत, बंद सेवेवर अवलंबून असणं हे तिथे उघड लिहिलेलं असतं. बारकोड वाचणाऱ्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी लागते. संपर्क आणि ठिकाण मागणारं असेल तर दुसरं निवडा. आणि छापील आयएसबीएनचा बारकोड १९९० च्या आधीच्या बहुतेक मराठी पुस्तकांवर सापडणार नाही, त्यामुळे दाखल क्रमांकाची स्वतःची लेबलं छापावी लागतील. कोहामध्ये 'कॅटलॉगिंग' भागात (जुन्या आवृत्त्यांत 'टूल्स'खाली) लेबल तयार करायची सोय आहे. ए४ च्या तयार स्टिकर शीटचं माप त्यात भरून आधी साध्या कागदावर एक पान छापा, शीटवर ठेवून उजेडात धरा, आणि रेघा जुळल्या तरच शीट घाला.